केळी गटाच्या काटापट्टीचा (माल मोजल्याच्या पावत्यांचा) डेटाबेस: ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, काढतानाच्या नोंदी

३० नोव्हेंबर २०२४, रात्री उशिरा

आतेभाऊ पुण्याहून आलाय म्हणून शेतात भरिताचा बेत होता. पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती आणि तो त्याच्या कंपनीतल्या सर्व्हरच्या गमती सांगत होता. मध्येच विचारलं, "तुझ्या केळी गटाचा डेटाबेस कशात आहे?" म्हटलं, एसक्यूलाइट, अख्खा डेटाबेस एका फाइलीत ठेवणारं. "फाइल कुठे?" सर्व्हरवर. "अरे, सर्व्हरवर कुठे?" ॲपच्याच फोल्डरमध्ये, डेटा नावाच्या फोल्डरात. त्याने मोबाइल काढला, साइटचा पत्ता टाकला, पुढे तिरकी रेघ, डेटा, परत तिरकी रेघ, आणि फाइलचं नाव मला विचारलं. मी सांगितलं. स्क्रीनच्या तळाशी पट्टी आली: ११ एमबी, डाउनलोड पूर्ण.

ना लॉगिन, ना पासवर्ड. त्या फाइलीत गटातल्या प्रत्येकाचं नाव, मोबाइल, बँकेचा खातेनंबर आहे. कुणाचा किती क्विंटल माल कधी गेला, कोणत्या व्यापाऱ्याने काय भाव लावला, कुणाचे किती अडकलेत, हेही. आमच्या चोपडा तालुक्यात भाव हा खातेनंबरापेक्षा नाजूक विषय. एकाच गाडीत भरलेल्या नवतीला (नव्या लागवडीच्या केळीला) शेजाऱ्यापेक्षा पन्नास रुपये कमी लागले हे कळलं की सख्ख्या भावांत अबोला धरला जातो.

भरिताची चव काही लागली नाही.

घरी आल्या आल्या तात्पुरता बांध घातला: एनजिनएक्सच्या (साइटची पानं बाहेर देणाऱ्या वेब सर्व्हरच्या) कॉन्फिगमध्ये डेटा फोल्डरसाठी थेट ४०४, म्हणजे "असं काही नाही", द्यायला सांगितलं, रीलोड केलं, घरून कर्ल मारून (आज्ञेने पत्ता मागवून) बघितलं. ४०४ येतंय. सकाळी सातला कटाई आहे, त्यामुळे आज रात्री याहून जास्त हात लावत नाही. ही नोंदवही आजपासून. ऑक्टोबरात ॲप नव्या सर्व्हरवर हलवताना काय काय केलं होतं ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि आता आठवून लिहिताना लाज वाटतेय.

१ डिसेंबर

आधी लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी. आपल्याशिवाय कुणी फाइल नेली का? उबुंटूवर (सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) एनजिनएक्सचे लॉग रोज फिरतात आणि चौदा राहतात, म्हणजे दोन आठवड्यांपलीकडचं काही हाती नाही. झिप झालेल्या लॉगसकट सगळे चाळले. नुसतं २०० ("फाइल दिली") शोधून भागत नाही, तुकड्यातुकड्याने नेली तर २०६ पडतो, तोही शोधला.

बॉट (आपोआप साइट चाचपत फिरणारे प्रोग्रॅम) रोज येतात, हे माहीत होतं. किती येतात ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. डॉट ईएनव्ही मागतात, बॅकअप डॉट एसक्यूएल मागतात, डीबी डॉट एसक्यूलाइट मागतात, डेटाबेस डॉट एसक्यूलाइट मागतात. आपल्या फाइलीचं नाव गावठी आहे, म्हणून त्यांना ४०४ मिळत गेला. फाइल पूर्ण गेल्याची नोंद एकच सापडली: काल रात्रीची, आतेभावाच्या मोबाइलची. लॉगच्या आधीच्या महिनाभराचं काही सांगता येत नाही.

नानांना, म्हणजे गटाच्या सचिवांना, जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे दप्तराचं कपाट रस्त्यावर होतं?" हो म्हटलं. "आता आत आणलं?" अजून नाही, दारासमोर पडदा लावलाय. "मग आण," म्हणाले. संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांना सांगायचं ठरलं. मी म्हटलं मीच सांगतो.

२ डिसेंबर

ऑक्टोबरात हे कसं झालं ते लिहून ठेवतो.

आधी ॲप शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत मिळून एका सर्व्हरवर) होतं. तिथे अपाची हा वेब सर्व्हर होता आणि डेटा फोल्डरात एचटीॲक्सेस फाइल टाकून बाहेरच्यांना मनाई केलेली होती. शिवाय तिथे पीएचपी (ॲपचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) माझ्याच खात्याच्या नावाने चालायचं, म्हणजे फाइलचा मालक मी, लिहिणाराही मी. परवानगी नावाची भानगड कधी समोर आलीच नाही.

ऑक्टोबरात व्हीपीएसवर (स्वतंत्र भाड्याच्या सर्व्हरवर) आल्यावर दोन गोष्टी बदलल्या आणि दोन्ही मला दिसल्या नाहीत. एक, एनजिनएक्स एचटीॲक्सेस फाइल वाचतच नाही. ती फाइल तिथे पडून होती, कुलपाच्या चित्रासारखी. दोन, तिथे पीएचपी माझ्या नावाने चालत नाही, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या युजरने चालतं. फाइल माझी, लिहायला आलेला भलताच.

कांदेबागेची लागवड चालू होती, माल कमी, पण त्या दिवशी नेमक्या दोन गाड्या लागल्या. काट्यावरून नानांचा फोन: "गाडी उभी शे, पावती निंघत नही." जुन्या पावत्या दिसत होत्या, नवी होत नव्हती. लॉगमध्ये ओळ: अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस, म्हणजे या डेटाबेसात लिहिता येत नाही. मी फाइलला ६६६ दिलं, म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा (तीन आकडे मालक, ग्रुप आणि इतरांचे; वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १ यांची बेरीज). तरी तीच ओळ. डोकं चालेना. मग अख्ख्या ॲप फोल्डरला सीएचमॉड (परवानगी बदलायची आज्ञा) डॅश आर (आतल्या सगळ्यासकट) ७७७ मारलं आणि पावती निघाली. नाना खूश, ड्रायव्हर खूश, मी जेवायला गेलो. "उद्या नीट करू" मनात म्हटलं असेल. तो उद्या दीड महिन्याने, भरिताच्या ताटावर आला.

६६६ देऊनही का चाललं नाही, हे आज समजून घेतलं. एसक्यूलाइट काहीही बदलण्याआधी जुन्या पानाची नक्कल शेजारीच एका जर्नल फाइलीत करून ठेवतं, मध्येच वीज गेली तर मागे फिरता यावं म्हणून. ती फाइल त्याच फोल्डरात जन्मते आणि काम झालं की मरते. तेव्हा फाइल लिहिण्याजोगी असून पुरत नाही, फोल्डरही लिहिण्याजोगा लागतो. वाचताना जर्नल लागत नाही, म्हणून जुन्या पावत्या दिसत होत्या. मुनीमजीला वहीत लिहायची मुभा आहे, पण टेबलावर कच्चा कागद ठेवायला जागा दिलेली नाही, असा प्रकार. एरर मात्र वहीचं नाव घेऊन येते, कागदाचं घेत नाही. तिथे मी फसलो.

फोल्डरवर "लिहिणे" म्हणजे त्यात नावं घालणं आणि काढणं. ज्याला फोल्डरवर लिहिता येतं त्याला आतली फाइल पुसता येते, ती फाइल त्याला वाचता येत नसली तरी. ७७७ च्या फोल्डरात सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्रॅम डेटाबेस उडवू शकत होता. त्याहून वाईट म्हणजे, अपघाताने बंद पडल्यावर मागे उरलेली जर्नल फाइल कुणी साफसफाई म्हणून पुसली की डेटाबेस अर्धवट बदललेल्या अवस्थेत राहतो.

आणि मूळ मुद्दा. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा स्वतःचा दरवान एसक्यूलाइटला नाही. युजर नाही, पासवर्ड नाही, कुणाला काय दिसेल याचे हुकूम नाहीत. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली काढलं ते सर्व्हरशिवाय चालावं म्हणूनच. कुलूप एकच: ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल परवानग्या. तेच मी तोडून टाकलं होतं.

४ डिसेंबर

आज स्थलांतर. दुपारी एक ते तीन काटा बंद असतो, तेवढा वेळ मागून घेतला.

कोणाला काय लागतं ते आधी कागदावर मांडलं, आकडे नंतर. एनजिनएक्सला चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट वाचायला लागतं. डेटाबेसशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पीएचपीला कोड वाचायला लागतो, डेटा वाचायला-लिहायला लागतो. स्वतःचा कोड बदलायची त्याला गरज नाही. मला कोड बदलायचा असतो, आणि कधीमधी डेटात डोकवायचं असतं. बाकी कुणाला काही नाही.

पीएचपीसाठी वेगळा सिस्टिम युजर केला, केळगट नावाचा, लॉगिन शेल नसलेला. एफपीएमचा (पीएचपी चालवत ठेवणाऱ्या सेवेचा) स्वतंत्र पूल, म्हणजे वेगळी तुकडी, त्याच्या नावाने. उद्या याच सर्व्हरवर दुसरं एखादं ॲप बसवलं आणि त्याला भोक पडलं, तरी त्या वाटेने काटापट्टीपर्यंत पोचता येऊ नये.

पूल चालू केला आणि साइटवर ५०२, म्हणजे मागच्या प्रोग्रॅमशी बोलणंच होत नाही. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये १३, परमिशन डिनाइड. एनजिनएक्स आणि पीएचपी ज्यातून बोलतात ते सॉकेटसुद्धा फाइलच आहे, तिचा मालक केळगट झाला होता आणि एनजिनएक्सला तिला हात लावता येत नव्हता. पूलच्या कॉन्फिगमध्ये लिसन ओनर आणि लिसन ग्रुप वेब सर्व्हरच्या युजरचे केले. गेलं.

डेटा कुठे? पहिला विचार माझ्या होम फोल्डरचा होता. उबुंटूत २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० ने बनतो, दुसऱ्या युजरला त्यातून पुढेच जाता येत नाही. ते सैल करण्यापेक्षा व्हार लिबखाली गटाचं फोल्डर केलं. चालत्या डेटाची जागा तीच. वेब रूटही (साइटवरून दिसणारा फोल्डर) बदलला: आधी अख्खं ॲप फोल्डर रूट होतं, आता त्यातला फक्त पब्लिक फोल्डर. कॉन्फिग फाइलही त्यामुळे पडद्याआड गेली. तीही इतके दिवस उघड्यावरच होती हे आज लक्षात आलं.

फोल्डर ७७०, मालक केळगट, ग्रुप गटडेटा. फाइल ६६०, तोच मालक, तोच ग्रुप. मला गटडेटा ग्रुपमध्ये घातलं, म्हणजे हाताने क्वेरी मारता येईल. (हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, याचे पैसे पुढे मोजलेत.)

नेमआय डॅश एल हे हत्यार आज पहिल्यांदा वापरलं. पूर्ण पत्ता दिला की मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक मांडून देतं. कुठल्या पायरीवर एक्स नाही ते लगेच दिसतं. फोल्डरवरचा एक्स म्हणजे त्यातून पलीकडे जायची मुभा. आर म्हणजे आतली यादी वाचायची. ऑक्टोबरात हे माहीत असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

तीनला काटा चालू. पावती निघाली. मुद्दाम घराबाहेर जाऊन मोबाइल डेटावरून जुना पत्ता टाकून बघितला. ४०४.

६ डिसेंबर

दोन काटे एकाच वेळी चालले की "डेटाबेस इज लॉक्ड" येतं अशी जुनी तक्रार होती. हात लावलाच आहे तर म्हणून जर्नल मोड बदलून वॉल (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिणारा) केला. एकदाच करायचं, फाइलीतच नोंद राहते. आता वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. शेजारी जर्नलऐवजी दोन फाइली दिसतात: डॅश वॉल आणि डॅश एसएचएम. बस.

११ डिसेंबर

आज माझ्याच हाताने.

सकाळी थंडी कडक होती. काट्यावर चरक्याचीच (थंडीने केळीला होणाऱ्या इजेची) चर्चा, व्यापारी त्यावर बोट ठेवून भाव पाडतायत. नानांना गेल्या महिन्यातल्या पिलबागेच्या (जुन्या झाडांच्या पिलांवर घेतलेल्या बागेच्या) मालाची सरासरी हवी होती. मी घरून माझ्या लॉगिनने सर्व्हरवर गेलो, एसक्यूलाइटचा शेल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडला, क्वेरी मारली, आकडे नानांना कळवले आणि टर्मिनल तसंच उघडं ठेवून चहा प्यायला गेलो.

वीस मिनिटांनी काट्यावरच्या पोराचा फोन. सगळं बंद. या वेळी जुन्या पावत्यासुद्धा दिसत नाहीत. लॉगमधली ओळही नवी: अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल, म्हणजे फाइल उघडताच येत नाही.

हात ७७७ कडे वळला होता, खोटं कशाला सांगू. थांबलो आणि आधी एलएस डॅश एल (फाइलींचे मालक आणि परवानग्या दाखवणारी आज्ञा) मारलं. मुख्य फाइल बरोबर: केळगट, गटडेटा, ६६०. शेजारच्या वॉल आणि एसएचएम: मालक मी, ग्रुपही माझाच, ६६०.

झालं ते असं. सकाळी ॲप निवांत होतं, कुणाचंच कनेक्शन उघडं नव्हतं, म्हणून त्या दोन फाइली अस्तित्वात नव्हत्या. शेवटचं कनेक्शन बंद झालं की एसक्यूलाइट त्या पुसून टाकतं. मग मी पहिला आलो, आणि त्या माझ्या नावाने जन्मल्या. परवानगीचा आकडा एसक्यूलाइट मुख्य फाइलीवरून उचलतं, म्हणून ६६०. मालक आणि ग्रुप मात्र उघडणाऱ्याचे. ६६० मध्ये "इतरांना" शून्य, आणि माझ्या फाइलींसाठी केळगट हा "इतर". वॉल मोडमध्ये वाचायलासुद्धा एसएचएम उघडावी लागते, म्हणून जुन्या पावत्याही गेल्या. लक्षणांतला हा फरक लिहून ठेवतो: वाचता येतं पण लिहिता येत नाही, तर फोल्डर बघ. काहीच येत नाही, तर शेजारच्या फाइलींचे मालक बघ.

उपाय एका शब्दाचा होता. उघड्या शेलमध्ये डॉट क्विट. शेवटचं कनेक्शन मी, मी गेलो, दोन्ही फाइली गेल्या, पुढच्या सेकंदाला ॲपने स्वतःच्या केल्या. काट्यावर पावती निघाली.

त्या फाइली मी आरएमने पुसणार होतो. तसं केलं नाही ते बरं. वॉलमध्ये मुख्य फाइलीत अजून न गेलेल्या पावत्या असू शकतात, ती पुसणं म्हणजे त्या पावत्या पुसणं.

संध्याकाळी आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला, "फोल्डरला सेटजीआयडी दे, ग्रुप आपोआप खाली उतरेल." म्हणजे ७७० च्या जागी २७७०, एलएसमध्ये ग्रुपच्या एक्सच्या जागी एस दिसतो, आणि आत जन्मणारी प्रत्येक फाइल फोल्डरचा ग्रुप घेते. दिलं, करून बघितलं, चालतं.

मग जेवताना वाटलं, मुळात मी त्या ग्रुपमध्ये कशाला? महिन्यातून दोनदा क्वेरी मारायला कायमची किल्ली कमरेला कशाला लटकवायची? माझा लॅपटॉप गेला तर चोराच्या हाती तीच किल्ली. रात्री स्वतःला ग्रुपमधून काढलं. आता फोल्डर ७००, फाइल ६००, दोन्ही फक्त केळगटचे. डोकवायचं असेल तेव्हा सुडो डॅश यू केळगट लावून (केळगटच्या नावाने) शेल उघडायचा; फाइली जन्मल्या तरी योग्य घरी जन्मतील. (रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून उघडलं तर एसक्यूलाइट स्वतःच त्या फाइली मुख्य फाइलीच्या मालकाच्या नावे करून देतं, पण तेवढ्यासाठी रूट व्हायची सवय नको.) सेटजीआयडीचं सगळं शहाणपण तीन तास टिकलं. हरकत नाही, समजलं तरी.

१७ डिसेंबर

बॅकअप.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत) रात्री दोनला सीपी, म्हणजे फाइलीची साधी नक्कल, होतं. आज त्या फोल्डरात पहिल्यांदा नीट डोकावलो. ऑक्टोबरपासूनच्या रोजच्या फाइली, बहुतेक कुणालाही वाचता येण्याजोग्या, फोल्डर ७५५. मुख्य कपाटाला कुलूप लावून त्याच्या झेरॉक्स ओट्यावर रचून ठेवलेल्या. वेब रूटमध्ये नव्हत्या एवढंच नशीब.

दुसरं म्हणजे ६ तारखेपासूनचे बॅकअप भरवशाचे नाहीत. वॉल चालू असताना नुसती मुख्य फाइल सीपी केली की वॉलमधल्या पावत्या सुटतात, आणि नक्कल होत असतानाच कुणी लिहिलं तर फाइल आतून फाटलेली निघू शकते. आता शेलची डॉट बॅकअप आज्ञा, केळगटच्या क्रॉनमधून. एसक्यूलाइट नवीन फाइल बनवताना ठरलेले ६४४ लावतं, त्यामुळे क्रॉनच्या ओळीत आधी युमास्क ०७७ (नव्या फाइलीवरून ग्रुप आणि इतरांचे हक्क काढून घेणारा) ठेवला. फाइल जन्मतानाच ६००. नंतर सीएचमॉड करणं म्हणजे मधली काही सेकंदं दार उघडं ठेवणं.

परत बसवण्याचा सरावही केला, चाचणीच्या फोल्डरात. पहिल्याच फेरीत रूटने सीपी केलं, फाइलीचा मालक रूट झाला, ॲपला उघडताच येईना. खरी आपत्ती आली असती तर तेव्हाही हेच केलं असतं. आता परत बसवायची ओळ इन्स्टॉल या आज्ञेची आहे, मालक, ग्रुप आणि ६०० एकाच दमात. ती कागदावर छापून नानांच्या कपाटात ठेवली. इंग्रजी आहे म्हणून नाना कुरकुरले, पण पाकिटावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "काटापट्टी बंद पडली तर".

२१ डिसेंबर

कोडचा फोल्डर अजून ७७७ च होता. मालक मी, ग्रुप केळगट, बाकीच्यांना काही नाही, असं ठरवून झोकात सीएचमॉड डॅश आर ६४० मारलं. क्षणात साइट गेली. फोल्डरांचाही एक्स उडाला, आत कुणालाच शिरता येईना. मोठा एक्स वापरायचा: यू बरोबर आरडब्ल्यू मोठा एक्स, जी बरोबर आर मोठा एक्स, ओ बरोबर काही नाही. मोठा एक्स फक्त फोल्डरला आणि आधीपासून चालवण्याजोग्या फाइलीला एक्स देतो. पण ७७७ मुळे सगळ्याच फाइली "चालवण्याजोग्या" झालेल्या. माझ्या ६४० ने तो डाग धुतला गेला होता, म्हणून त्यानंतर मोठा एक्स बरोबर बसला. चुकून बरोबर, तरी बरोबरच.

पब्लिक फोल्डर एनजिनएक्सला वाचता यायला हवा म्हणून तेवढ्यापुरतं ओ ला वाचायचं दिलं, आणि तिथवरच्या वाटेवरच्या फोल्डरांना नुसता एक्स. आत काय आहे ते वाचता येत नाही, पुढे जाता येतं.

काट्याच्या चिठ्ठीचे फोटो चढवायचा एकच फोल्डर केळगटला लिहिण्याजोगा ठेवला, आणि तिथून पीएचपी चालवायचं नाही असं एनजिनएक्सला सांगितलं. लिहायला मुभा आहे तिथे चालवायला नाही, चालवायला आहे तिथे लिहायला नाही. आपण स्वतः घातलेली गोष्ट सोडून सर्व्हरवर दुसरं काही चालू नये, एवढाच त्यामागचा हिशेब.

गिटबद्दल (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल) एक. एक्सचा बिट सोडला तर गिट परवानग्या लक्षात ठेवत नाही, मालक तर नाहीच. म्हणून हे सगळं डिप्लॉयच्या (नवा कोड सर्व्हरवर बसवायच्या) स्क्रिप्टमध्ये घातलं, नाहीतर पुढच्या वेळी गिटने कोड ओढला की पुन्हा पहिले पाढे.

२३ डिसेंबर

सिस्टिमडीत (सर्व्हरवरच्या सेवा चालू करणाऱ्या यंत्रणेत) एफपीएमला प्रोटेक्ट सिस्टिम स्ट्रिक्ट लावून बघितलं. अख्खी डिस्क त्याला वाचण्यापुरतीच. इतकी, की स्वतःचा लॉगही लिहिता येईना आणि सुरूच होईना. एकेक वाट मोकळी करत बसण्यापेक्षा "फुल" या सौम्य पर्यायावर आणलं: यूएसआर, बूट आणि ईटीसी लिहायला बंद, बाकी चालू. सध्या एवढं पुरे.

५ जानेवारी २०२५

दोन आठवडे शांत. आज बैठक होती. मी पुन्हा थोडक्यात सांगितलं: काय उघडं होतं, किती दिवस, काय बंद केलं. जाताना एक आबा मागे थांबले. पंचाहत्तरीचे असतील, अजून स्वतः बागेत पाणी धरतात. हळूच विचारलं, "मना भाव कोन्ही दखा का?" (माझा भाव कुणी पाहिला का?) म्हटलं आबा, दार उघडं सापडलं त्याआधीच्या दोन आठवड्यांच्या नोंदीत तरी आमच्याशिवाय कुणी फाइल नेलेली दिसली नाही, त्याआधीचं मला छातीठोक सांगता येणार नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं शे," आणि कोपरीच्या खिशातली लहान वही चाचपून गेले. त्या वहीत त्यांचे सगळे भाव पेन्सिलीने लिहिलेले असतात, ॲपवर त्यांचा विश्वास आधीपासूनच नव्हता.

लॉग आता चौदाऐवजी नव्वद दिवस राहतील.

१२ जानेवारी

तपासणीची स्क्रिप्ट, दर रविवारी सकाळी. सर्व्हरवर स्टॅटने फोल्डर ७०० आणि फाइल ६०० आहे का, मालक केळगट आहे का. वेब सर्व्हरचा युजर होऊन फाइल वाचायचा प्रयत्न. वाचता आली तर बोंब. आणि माझ्या घरच्या मशीनवरून, म्हणजे बाहेरून, जुना पत्ता कर्ल करून ४०४ येतो का. पहिल्या सोळा बाइटात "एसक्यूलाइट फॉरमॅट ३" दिसलं तरीही बोंब, कारण उद्या कुणी चुकीच्या कोडसकट फाइल दिली तर नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. आज चालवली, सगळं ठीक.

जुन्या शेअर्ड होस्टिंगवर सप्टेंबरची प्रत पडलेली होती, तीही पुसली आणि ते खातं बंद करायला टाकलं. रात्री दोनचे जुने उघडे बॅकअपही एकेक तपासून पुसले. यादी संपली असं वाटून चहा ठेवला, आणि चहा उकळता उकळता आठवलं. ३० नोव्हेंबरची ती ११ एमबीची फाइल.

आतेभावाला फोन लावला. "थांब बघतो," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "अरे हो, डाउनलोड्समध्येच आहे की." फोन चालू ठेवूनच पुसायला लावली, कचऱ्याच्या डब्यातूनही. त्याचा मोबाइल रात्री आपोआप बॅकअप घेतो का आणि तो कुठे जातो, हे विचारायचं फोन ठेवल्यावर सुचलं. आता त्याची रात्रपाळी सुरू झाली असेल. उद्या सकाळी.